धाकट्या भावाचे भाडे

१९७२ च्या नोव्हेंबर महिन्यात कॅनडा देशासाठी एक उपग्रह आकाशात सोडण्यात आला. एकाच देशाच्या अंतर्गत दळणवळणासाठी भूस्थिर कक्षेत जाऊन बसलेला जगातला तो पहिलाच उपग्रह. त्याचे नाव ‘अनिक’. उत्तरेकडील इनुइट लोकांच्या भाषेतला हा शब्द; अर्थ, धाकटा भाऊ. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना एस्किमो म्हणून शिकलो तेच हे लोक. ते स्वतःला इनुइट म्हणवतात, आणि इनुइट म्हणजे नुसती ‘माणसे’. नाव मोठे गोड निवडले होते ह्यात शंका नाही. भाऊ घरी येतो म्हटल्यावर दार कोण लावून घेईल? परंतु हा भाऊ आला तो दक्षिणेतल्या शहरांची भाषा बोलत आला, त्याची सारी सूत्रे दक्षिणेतल्या कचेऱ्यांच्या हाती राहिली, आणि पुढे पुढे तर तो घरच्यांकडूनच दरमहा भाडे वसूल करू लागला.

ह्या भाड्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. बडोद्यातल्या एका गाण्याच्या मास्तराने उत्तर ध्रुवाजवळच्या इंटरनेटच्या दराची चिंता कशाला वाहावी, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. पण त्या दराचा लयीशी संबंध आहे, आणि लय हा माझा धंदा आहे. शिवाय त्या आकाशात आता आपल्या देशाचेही हात गुंतलेले आहेत. ते कसे, हे पुढे येईलच.

प्रथम तो मुलूख डोळ्यांसमोर आणला पाहिजे. १९९९ च्या १ एप्रिलला कॅनडाने इनुइट लोकांचा म्हणून नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश निर्माण केला. क्षेत्रफळाने तो आपल्या महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा. लोकवस्ती २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे ३७ हजारांच्या आत. म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुक्याचा गावसुद्धा ह्यापेक्षा मोठा निघावा. गावे अवघी २५, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. कच्चा नाही, पक्का नाही, मुळीच नाही. उन्हाळ्यात बर्फ सुटला की जहाज येते आणि वर्षाचे अवजड सामान टाकून जाते. बाकी दूध, भाजी, औषध, पत्र आणि स्वतः माणूस, सगळे विमानाने. दुखणे मोठे असले तर पूर्वेकडच्या गावांतला रोगी ओटावापर्यंत नेतात, मधल्या पट्ट्यातला विनिपेगला. अशा ठिकाणी इंटरनेट म्हणजे करमणूक, असे ज्याला वाटते त्याने आपल्या घरचा फोन, टपाल, बँक, शाळा आणि डॉक्टर ही पाचही एका तारेवर टांगून पाहावीत.

आणि ती तारही खरोखरची तार नव्हे. नुनावुतच्या गावांचा जगाशी संबंध वर्षानुवर्षे केवळ उपग्रहामार्गे राहिला. समुद्रतळावरून केबल नेण्याच्या योजना झाल्या. २०१९ साली इकालुइट ह्या राजधानीपासून ग्रीनलँडपर्यंत केबल टाकण्याचेही जाहीर झाले. जाहीर होणे आणि पदरात पडणे ह्यांतले अंतर आपल्यालाही ठाऊक आहे.

आता अनिककडे वळू. १९७३ पासून त्या उपग्रहाने उत्तरेकडील गावांत दूरचित्रवाणी उतरू लागली. कार्यक्रम इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. ज्या घरात आजी आणि नातू दोघेही इनुक्टिटुट बोलत, त्या घरात तिसऱ्याच भाषेतला एक पाहुणा रोज संध्याकाळी येऊन बसू लागला आणि तो कधी गप्प बसेना. तेव्हा इग्लूलिक नावाच्या एका लहानशा गावाने जे केले ते मला फार मोठे वाटते. गावाने मतदान घेतले आणि टीव्ही नको म्हणून सांगितले. काही वर्षांनी पुन्हा मतदान झाले, पुन्हा नको. ह्या लोकांना यंत्राचे वावडे होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, त्या पेटीतून आमची भाषा ऐकू येणार नसेल तर पेटी आमच्या काय कामाची? पुढे इनुइट लोकांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, इनुक्टिटुटमधून कार्यक्रम होऊ लागले, आणि १९८३ साली इग्लूलिकने आपला दरवाजा उघडला.

त्याच गावातला झकारियास कुनुक हा दगडावर कोरीव काम करणारा तरुण. १९८१ साली आपल्या मूर्ती विकून त्या पैशांतून त्याने व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला. ज्या गावात टीव्ही अजून शिरलेला नव्हता त्या गावात कॅमेरा आधी आला! वीस वर्षांनी, २००१ साली, त्याच्या ‘अतानारजुआत’ ह्या सबंध इनुक्टिटुट भाषेतल्या चित्रपटाला कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठी असलेले ‘कॅमेरा दॉर’ पारितोषिक मिळाले. पुढे त्याच्या मंडळींनी आपले चित्रपट इंटरनेटवर सर्वांना खुले केले, आणि तिथे गंमत अशी झाली की, मुंबईला किंवा पॅरिसला बसून ते पाहता येत, आणि ज्यांच्यासाठी ते केले त्या उत्तरेकडच्या खेड्यांत मात्र चित्र अडखळे, थांबे, महिन्याचा ठरीव साठा संपून जाई. मग त्यांनी गावोगावी लहान साठवणयंत्रे नेऊन बसवली. चित्रपट आधीच त्यांत उतरवून ठेवायचे आणि गावातल्या गावात दाखवायचे. विहिरीला पाणी नाही म्हणून रांजण भरून ठेवण्यातलाच हा प्रकार. युक्ती उत्तम, पण युक्तीवर किती दिवस काढायचे?

आता माझ्या धंद्याची गोष्ट. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. उत्तरेतल्या गावाहून तो इतका तिरका दिसतो की, ग्रीज फियॉर्डसारख्या ७६ अंशांच्या पलीकडल्या गावात तबकडी जवळजवळ आडवी, क्षितिजाकडे तोंड करून बसवावी लागते. तिथून आवाज वर जाऊन खाली यावयाला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रकाशाचा वेगच तेवढा. त्यात ना कंपनीचा दोष, ना सरकारचा. पाव सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे बोलणाऱ्याला वाटते. गाणाऱ्याला वाटत नाही.

माझी एक विद्यार्थिनी यजमानांच्या नोकरीनिमित्त काही वर्षे इकालुइटला होती. तेव्हा तिथे हेच जुने भूस्थिर उपग्रह. आम्ही आठवड्यातून एकदा शिकवणीचा घाट घातला. मध्यलय तीनताल घ्या. मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. मी इथे ठेका धरला. तो तिच्यापर्यंत पोहोचायला पाव सेकंद. ती त्यावर बिनचूक समेवर आली; तिची सम परत माझ्याकडे यायला आणखी पाव सेकंद. म्हणजे माझ्याकडे सम पडते तेव्हा तिच्याकडून सोळावी मात्रा ऐकू येते! वर समुद्राखालच्या केबलची आणि इथल्या मधल्या ठेशनांची भर वेगळी. ती बरोबर, मी बरोबर, आणि दोघांचे मिळून गाणे मात्र बेताल. शेवटी आम्ही एकत्र गाण्याचा नाद सोडला. मी गाऊन थांबायचे, मग तिने गाऊन थांबायचे. विलंबित आलापाला हे चालून जाते, बोलतानेला नाही. ह्याउपर महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास तिचा ठरीव साठा संपे, आणि त्यापुढच्या प्रत्येक तुकड्याला जे पैसे पडत ते ऐकून मीच म्हटले, बाई, आता पुढच्या एकला भेटू.

ती पाहुणी होती, दोन-तीन वर्षांत परत येणारी. तिथल्या माणसांचे काय? त्यांच्या स्त्रियांचे एक गाणे आहे, त्याला कटाज्जक म्हणतात. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींचे दंड धरतात. एकीने घशातून एक घुमारा काढला की त्याच्या फटीत दुसरीने आपला घुमारा बसवायचा. पहिलीच्या श्वासाच्या जागी दुसरीचा नाद, दुसरीच्या श्वासाच्या जागी पहिलीचा. जिला आधी हसू फुटले किंवा दम लागला ती हरली. खेळच हा, पण लय इतकी घट्ट विणलेली की, आपल्या द्रुत जुगलबंदीतले सवाल-जवाबही त्यापुढे ऐसपैस वाटावेत. एके काळी मिशनऱ्यांनी ह्या गाण्याला बंदी केली, कित्येक गावांतून ते नाहीसे झाले. २०१४ साली क्वेबेक प्रांताने त्याला आपला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आता एका गावात आजी उरली आहे आणि शिकू इच्छिणारी मुलगी चारशे मैलांवरच्या दुसऱ्या गावात; मधे रस्ता नाही. विमानाचे तिकीट म्हणजे महिन्याच्या मिळकतीला खिंडार. जुन्या जाळ्यांच्या कित्येक रचनांत तर एका गावाचा आवाज आधी दक्षिणेतल्या केंद्रावर उतरे आणि तिथून पुन्हा आकाशात चढून दुसऱ्या गावाला जाई. म्हणजे उशीर दुप्पट. पाव सेकंदाच्या फटीत बसणारा घुमारा अर्ध्या सेकंदाने आला तर ते कटाज्जक राहिलेच कुठे?

टान्या टागाक ही केंब्रिज बे गावची गायिका आज जगभर गाते. २०१४ सालचे कॅनडातले पोलारिस पारितोषिक तिला मिळाले. ती हे गाणे गावात शिकलीच नव्हती. दक्षिणेला हॅलिफॅक्सला कॉलेजात असताना आईने तिला कॅसेट पाठवल्या, आणि त्या ऐकून ऐकून तिने एकटीने ते घशात उतरवले. दोघींचे गाणे एकटीचे झाले, आणि त्यातून निराळीच कला जन्मली. प्रतिभा असली म्हणजे कॅसेटवरही भागते. पण परंपरा प्रतिभावंतांवर चालत नसतात. त्या सामान्य शिष्यांवर चालतात, ज्यांना रोज गुरू लागतो. हे मी माझ्या वर्गाकडे पाहून सांगतो.

कॅनडा सरकारला हे कळत नाही असे नव्हे. २०१६ च्या डिसेंबरात तिथल्या नियामक आयोगाने इंटरनेट ही मूलभूत सेवा असल्याचे जाहीर केले आणि माप ठरवून दिले: सेकंदाला ५० मेगाबिट खाली उतरवण्याचा वेग, १० मेगाबिट वर चढवण्याचा, आणि साठ्याला मर्यादा नाही. पाच वर्षांत ७५ कोटी डॉलरचा निधीही उभा करावयाचे ठरले. निर्णय चांगला आहे. तथापि त्यात एक मेख आहे. ‘उपलब्ध’ हा शब्द सरकारी कागदावर फार लवकर खरा होतो. गावात तबकडी बसली की सेवा उपलब्ध झाली. दर परवडतो की नाही हा प्रश्न मग ग्राहकाच्या खाजगी आयुष्यातला होऊन बसतो. राजवाड्यातली मैफल सर्वांना उपलब्धच असे. बाहेर भिंतीला कान लावून उभे राहण्याला कोणाची ना नव्हती.

त्या मापातल्या दोन आकड्यांकडेही वाचकांनी जरा निरखून पाहावे. उतरणीची वाट पाच हिस्से, चढणीची एक. सगळीकडे असेच असते, आपल्याकडेही. परंतु ज्या लोकांजवळ पाठवण्यासारखे पुष्कळ आहे आणि जगाकडून आले ते आजवर बहुधा परक्या भाषेत आले, त्यांच्या बाबतीत ही अरुंद वाट अधिक टोचते. नुसते उतरवून घेणारा गाव हा श्रोता. चढवू शकणारा गाव हा कलावंत. आजीचे गाणे, शिकाऱ्याने सांगितलेली बर्फाची हालहवाल, मुलाच्या परीक्षेचा पेपर, छातीचे क्षकिरणचित्र, सगळे चढणीच्या वाटेने जाणारे सामान आहे.

मग केबल टाका की, असे म्हणणे सोपे. जिथे टाकता आली तिथे टाकलीही. वायव्येकडे मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून इनुविकपर्यंत १,१५४ किलोमीटरची तार २०१७ साली पुरी झाली. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याला समुद्रतळावरून त्याच वर्षी केबल सुरू झाली. पण २०२३ च्या जूनमध्ये सरकत्या बर्फाने समुद्राचा तळ खरवडला, ती केबल तुटली, आणि दुरुस्ती व्हायला सप्टेंबर उजाडला. २०२५ च्या जानेवारीत ती पुन्हा तुटली, ऐन काळोखात आणि बर्फात, जेव्हा जहाज तिथवर जाऊच शकत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वणव्याने वायव्य प्रदेशातली जमिनीवरची तार जळाली, आणि घरे सोडून पळणाऱ्या लोकांचे फोन नेमके त्याच वेळी मुके झाले. उपग्रहाचे तरी काय? ६ ऑक्टोबर २०११ ला अनिक एफ-२ हा उपग्रह बिघडून पृथ्वीकडे पाहायचे विसरला, आणि त्या दिवशी उत्तरेतल्या कित्येक गावांत फोन बंद, बँक बंद, विमाने जमिनीला खिळलेली. एकाच तारेचा तंबोरा कोणी जुळवीत नाही. तिथे केबलही हवी आणि उपग्रहही.

सुदैवाने उपग्रहच बदलले. आता पृथ्वीजवळून फिरणाऱ्या लहान उपग्रहांचे थवे आले आहेत. ह्यातलाच एक थवा वनवेब ह्या कंपनीचा, १,२०० किलोमीटरवरून जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवावर फिरणारा. ही कंपनी २०२० साली दिवाळखोरीत गेली. तिला वर काढली ब्रिटिश सरकारने आणि आपल्या भारती समूहाने. पुढे रशियाच्या अग्निबाणांची वाट बंद झाली तेव्हा २३ ऑक्टोबर २०२२ ला ३६ आणि २६ मार्च २०२३ ला आणखी ३६ असे ७२ उपग्रह इस्रोने श्रीहरिकोट्याहून कक्षेत नेऊन सोडले. वर ‘आपले हात गुंतले आहेत’ म्हटले ते ह्यामुळे. ध्रुवाजवळच्या आकाशातून जाणाऱ्या ह्या थव्यातले काही दिवे आंध्रच्या किनाऱ्यावरून निघालेले आहेत. दुसरा थवा अमेरिकेच्या स्टारलिंकचा, सुमारे ५५० किलोमीटरवरचा. २०२२ च्या सुमारास तो नुनावुतपर्यंत पोहोचला. उशीर पाव सेकंदावरून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आला. इकालुइट ते बडोदे हे अंतर अर्थातच उपग्रहाने कमी होत नाही. पण निदान त्या मुलखातल्या गुरूला शिष्य कुठे चुकला ते चुकल्या जागीच कळेल. लोकांनी तबकड्या भराभर घेतल्या. घेणारच. त्या वर्षी कॅनडात स्टारलिंकचा दर महिन्याला १४० डॉलर होता, तबकडी विकत घ्यायची ती वेगळी. ज्यांना सरकारी पगार त्यांनी घेतली. शिकारीवर आणि थोड्याफार मदतीवर ज्यांचे घर चालते त्यांनी शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावला.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. दर जास्त आहे ही तक्रार खरी, पण दर उद्या कमीही होईल. तो कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र राहीलच. २०२४ च्या अखेरीस कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने स्टारलिंकशी जवळजवळ १० कोटी डॉलरचा करार केला. ग्रामीण आणि उत्तरेकडल्या दुर्गम भागातली १५ हजार घरे आणि दुकाने त्यातून जोडली जावयाची होती. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर जकात लादली, आणि रागाने ओंटारिओच्या सरकारने तो करार मोडला. राग समजण्यासारखा आहे. त्यांच्या जागी कदाचित आपणही तेच केले असते. पण जकातीशी त्या १५ हजार घरांचा काय संबंध? दोन दरबारांचे बिनसले आणि ज्यांना त्या दरबारांत कधी पाऊल टाकायला मिळाले नाही त्यांची जोडणी लांबली.

माझे वडील दरबारी गवई. दरबाराविषयी वाकडे बोलावयास माझ्या घराला कारण नाही. त्याच मिठावर आम्ही वाढलो. परंतु मर्जी आणि हक्क ह्यांतला फरक दरबारी माणसाच्या मुलाला शिकवावा लागत नाही. मर्जीने मिळालेले उत्तम असते, वेळेवर असते, भरपूर असते, आणि एके दिवशी नसते. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली. गवयांना मात्र विचारायला कोणी गेले नाही, आणि जाण्याचे कारणही नव्हते. ते कराराचे पक्षकारच नव्हते. उत्तरेतल्या गावांची गत आज अशीच आहे. उपग्रह कोणाचा असावा, करार कोणाशी व्हावा, दर काय असावा, ह्या सगळ्यांत त्यांचे नाव लाभार्थी म्हणून येते. पक्षकार म्हणून येत नाही.

ह्याला दुसरी वाट आहे आणि ती त्याच मुलखातल्या लोकांनी चालून दाखवली आहे. ओंटारिओच्या वायव्येला केवेटिनूक ओकिमाकनाक ह्या नावाने काही आदिवासी गावांचा संघ आहे. अर्थ, उत्तरेचे नायक. त्यांच्या खेड्यांत आठवी-नववीच्या पुढे शाळा नव्हती. चौदा वर्षांच्या पोराने घर सोडायचे, शेकडो मैलांवरच्या शहरात परक्याच्या घरी राहायचे आणि शिकायचे. १९९४ साली ह्या संघाने के-नेट नावाचे लहानसे संगणक-जाळे सुरू केले ते ह्या मुलांना घरच्यांशी निरोप बोलता यावेत म्हणून. तेवढ्याच साध्या गरजेतून ते वाढले. २००० साली त्यांनी इंटरनेटवरची माध्यमिक शाळा काढली: गावात एक खोली, एक शिक्षक, बाकीचे शिक्षक तारेच्या टोकाला, आणि पोर रात्री आपल्या आईच्या घरी. ह्याचे मोल कळायला थंडर बे शहराची हकीगत ठाऊक असावी लागते. २००० ते २०११ ह्या काळात अशी शिकायला आलेली सात मुले तिथे मृत्यू पावली. २०१५-१६ साली त्यांच्या मृत्यूंची मोठी चौकशी झाली आणि ज्यूरीने १४५ शिफारशी केल्या. दरमहा किती डॉलर ही चर्चा करणाऱ्यांनी हा हिशेबही शेजारी मांडून ठेवावा.

के-नेटने आणखी एक शहाणपण केले. क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुइट गावांचे मंडळ आणि मॅनिटोबातला एक संघ ह्यांच्याशी मिळून त्यांनी उपग्रहावरची जागा सामाईक वापरली. एका गावाची शाळा सुटली की ती जागा दुसऱ्या गावाच्या दवाखान्याला. आपल्या पाटबंधाऱ्यांवर पाण्याच्या पाळ्या असतात तसेच हे. क्वेबेकमधल्या त्या मंडळाने २००४ पासून स्वतःची ‘तमानी’ नावाची इंटरनेटसेवा चालवली आहे, १४ गावांसाठी. आणि पुढे हडसन उपसागराच्या किनाऱ्याने समुद्रतळावरची केबलही त्यांनी काही गावांपर्यंत आणली. हे लोक दक्षिणेकडून पैसा घेतात, घेतलाच पाहिजे. इतक्या थोड्या माणसांना एवढा खर्च स्वबळावर पेलणे अशक्य आहे. पण हिशेबाची वही गावाच्या फडताळात असते, तार बिघडली तर चढणारा मुलगा गावचा असतो, आणि दराविषयी भांडायचे तर ते शेजारच्या आळीत जाऊन भांडता येते.

बडोद्याच्या वाचकांना ह्यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवला आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. त्यातली फिरत्या ग्रंथपेट्यांची गोष्ट सर्वांना आठवते. मला त्याहून मोलाचे वाटते ते गावच्या वाचनालयाचे कलम: गावाने एक वाटा उभा केला की प्रांत पंचायतीने एक घालायचा आणि सरकारने एक. फुकट कोणाला नाही, आणि गरिबीमुळे वंचितही कोणी नाही. गावाचा वाटा लहान असे, पण त्या वाट्यामुळे कपाटाची किल्ली गावाकडे राही. महाराज ग्रंथ दान करून मोकळे झाले असते तर टाळ्या अधिक पडल्या असत्या. त्यांनी पैशाबरोबर किल्ली दिली.

ओटावाला हेच सांगावेसे वाटते. उपग्रहांची जागा सरकारने घाऊक भावाने विकत घ्यावी, एकाच थव्याकडून नव्हे तर निदान दोघांकडून, आणि ती गावांच्या मंडळांच्या हाती सोपवावी. तिथून घराघरापर्यंतचा दर मंडळाने ठरवावा. जुनी कंपनी ह्याला मोडता घालील. तिची यंत्रे आहेत, माणसे आहेत, वर्षानुवर्षांची गुंतवणूक आहे, आणि ती सगळी खरी आहे. तिला गावाची नोकर म्हणून राहावयास हरकत नसावी.

एक शंका आमच्या मंडळींतले वडीलधारे हटकून काढतील: एवढा खटाटोप करून त्या पोरांच्या हातात शेवटी तेच चाळे येणार ना, जे आपल्या पोरांच्या हातात आले? येणार. इग्लूलिकच्या म्हाताऱ्यांनाही हीच भीती होती आणि ती खोटी ठरली नाही. तरी जे गाव दोनदा नको म्हणू शकले, त्यालाच तिसऱ्यांदा आपल्या अटीवर हो म्हणता आले. आज त्या गावाला इंटरनेटला नको म्हणण्याची सोय राहिलेली नाही, कारण दवाखाना, बँक आणि शाळा त्यातूनच चालतात. नकाराचा हक्क गेला, तेव्हा दराचा तरी हक्क हाती राहिला पाहिजे.

आपल्या बाजूचे काम थोडेसेच आहे. वनवेब २०२३ साली युटेलसॅट ह्या युरोपियन कंपनीत विलीन झाली. भारती समूह तिच्या मोठ्या भागधारकांपैकी आहे. श्रीहरिकोट्याच्या उड्डाणाच्या दिवशी आपण सर्वांनी अभिमानाने टाळ्या वाजवल्या. त्या भागधारकांच्या सभेत कोणी मराठी माणूस बसत असेल, आणि बडोद्यातून अमेरिका-युरोपला गेलेली आपली मुले पाहता तसे असणे अगदीच अशक्य नाही, तर त्याने एवढेच विचारावे की, ध्रुवावरून जाताना ह्या उपग्रहांवर जी जागा रिकामी राहते ती पंचवीस गावांच्या मंडळाला कोणत्या भावाने देता येईल. भाव सांगितला की इग्लूलिकमध्ये सभा भरू द्यावी. मतदानाची त्यांना सवय आहे.